राबवलेल्या भुताला निरोप देताना

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही तीन भागांची कुमार कादंबरी लिहिताय. तळकोकणातलं गाव, मांत्रिक आजोबा, त्यांचा नातू, आणि ज्याचा केस पितळी डबीत कोंडून आजोबांनी घरच्या कामाला जुंपलंय असा एक गिऱ्हा, म्हणजे पाण्याकाठचं भूत. दोन भाग लिहून झालेत, तिसरा अडलाय. अशात तुम्ही जोनाथन स्ट्राउडच्या 'बार्टिमियस' मालिकेतलं तिसरं पुस्तक, 'टॉलेमीज गेट', वाचलंत, रात्री दोन वाजता संपवून रडत बसलात, आणि आता विचारताय की शेवटी नायकाला मारायचं का? प्रकाशक म्हणतात, मुलांना असला शेवट सोसत नाही. शिवाय दोन भाग नुसती टवाळी करणारा गिऱ्हा तिसऱ्यात एकदम गंभीर कसा करायचा, हेही तुम्हाला कळत नाहीये.

मी बावीस वर्षं कुमार साहित्याचं संपादन करतेय आणि दर शनिवारी एका वाचनालयात बारा ते पंधरा वर्षांच्या मुलांबरोबर बसून वाचते. त्या गटात ही मालिका आम्ही दोनदा पहिल्या पानापासून शेवटापर्यंत वाचली आहे. त्यामुळे उत्तर लांबणार. आणि शेवट उघड केल्याशिवाय मला काहीच सांगता येणार नाही, तेव्हा ज्यांना पुस्तकं वाचायची आहेत त्यांनी इथूनच मागे फिरावं.

नायकाला मारायचं की नाही, हा प्रश्न मला चुकीच्या टोकाने धरलेला वाटतो. मालिकेचा नायक, जादूगार पोरगा नथॅनियल, शेवटी मरतो हे खरं. पण आमच्याकडची मुलं ज्या ठिकाणी गप्प झाली ती जागा त्या मरणाच्या एक क्षण अलीकडची आहे. आपण राबवलेल्या जिन्नाला तो सोडून देतो, तिथली. ती जागा पहिल्या पुस्तकापासून खणून ठेवलेली आहे. ते खणणं कसं केलंय हे कळलं तर तुमचा नातू जगतो की मरतो हे तुमचं तुम्हालाच समजेल.

तुमच्या हाताशी असलेल्या गोष्टीशी ताडून पाहता यावं म्हणून मालिकेची मांडणी सांगते. तिन्ही खंड २००३, २००४ आणि २००५ असे पाठोपाठ आले ('द ॲम्युलेट ऑफ समरकंद', 'द गोलेम्स आय' आणि हा तिसरा). पुढे २०१० मध्ये मागच्या काळातली एक वेगळी कादंबरी आली, पण कथा तिसऱ्यातच संपते. स्ट्राउड लिहायला लागण्याआधी लंडनमध्ये मुलांच्या पुस्तकांचा संपादक होता, म्हणजे आमच्याच जातकुळीतला, आणि ते बांधणीत दिसतं. त्याच्या लंडनवर जादूगारांचं राज्य आहे. आपल्या जगातला ब्रिटिश पंतप्रधान ग्लॅडस्टन तिथे थोर जादूगार आहे आणि त्याने १८६८ मध्ये प्राग जिंकलंय. (आपल्या जगात त्याच वर्षी तो पहिल्यांदा पंतप्रधान झाला. असल्या बारीक खोड्या पुस्तकभर आहेत.) गंमत अशी की या जादूगारांना स्वतःची जादू कवडीचीही येत नाही. जे काही होतं ते दुसऱ्या जगातून ओढून आणलेल्या भुतांकडून करवून घेतात. जमिनीवर पंचकोनी चांदणी आखायची, मंत्र म्हणायचा, नाव घेऊन बोलवायचं, काम सांगायचं, चुकला तर शिक्षा. भुतांना पृथ्वीवर नुसतं राहणंही दुखतं. लोखंड भाजतं, चांदी त्याहून भाजते. मराठीत याला आयता शब्द आहे, वेठ. साम्राज्याची सगळी भपकेबाज इमारत वेठबिगारीवर उभी आहे, आणि वेठीला धरलेल्यांपैकी एक जण आपल्याला गोष्ट सांगतो. तो बार्टिमियस नावाचा जिन्न. वय पाच हजारांच्या पुढे, उरुकच्या भिंती आपण बांधल्या म्हणून मिरवणारा, तोंडाळ, भित्रा, आत्मप्रेमी, आणि पानाच्या तळाशी टिपा टाकून स्वतःच्याच कथेत लुडबुड करणारा.

आता शब्दांकडे येते, कारण सगळी मेख तिथे आहे. पहिल्यांदा गटात वाचताना मी काही प्रकरणं तोंडी मराठीत सांगायचे. भूत बोलावणं आणि काम झाल्यावर परत पाठवणं, या दोन क्रियांना मी 'हजर करणं' आणि 'हाकलणं' म्हणत होते. दुसऱ्या शनिवारी एक सातवीतली मुलगी म्हणाली, "ताई, हे गणपतीसारखंच आहे की. आणायचं आणि विसर्जन करायचं." मी तिथेच थांबले. आपल्या पूजेत नेमकी हीच दोन टोकं आहेत. आवाहन आणि विसर्जन. शेवटी क्षमा मागताना आपण म्हणतोही, 'आवाहनं न जानामि, न जानामि विसर्जनम्', मला बोलावताही येत नाही आणि पाठवताही येत नाही, सांभाळून घे. स्ट्राउडच्या जादूगारांना दोन्ही बिनचूक येतं. सांभाळून घे म्हणण्याचा भाग तेवढा गळून पडलाय. त्या दिवसापासून आमच्या गटात शब्द ठरला, विसर्जन. आणि शब्द ठरल्यावर मालिकेचा कणा एकदम उघडा पडला, कारण तिन्ही पुस्तकांत कळीची गोष्ट एकच आहे: कोण कोणाचं विसर्जन करतो, कधी करतो आणि का करतो.

पहिल्या पुस्तकात ते निव्वळ सौदा आहे. नथॅनियल बारा वर्षांचा. एका बड्या जादूगाराने चारचौघांत केलेला अपमान त्याला फेडायचाय, म्हणून तो आपल्या ताकदीबाहेरचा जिन्न बोलावतो. जिन्नाच्या कानावर मुलाचं जन्मनाव पडतं आणि पारडं फिरतं, कारण त्या जगात ज्याला तुमचं जन्मनाव माहीत तो तुमचा मंत्र तुमच्यावरच उलटवू शकतो. मग मुलगा काय करतो? तंबाखूची जुनी डबी घेतो, मंत्राने जिन्नाशी बांधतो आणि थेम्स नदीत टाकतो. मी मेलो तर तूही कायमचा या डबीत. तुमची पितळी डबी वाचताना मला ही तंबाखूची डबी आठवली, आणि तुम्ही ती वाचण्याआधीच आपली लिहिली होती याचा आनंद झाला. शेवटी दोघं तहाला येतात. तू माझं नाव कुणाला सांगायचं नाहीस, मी तुला पुन्हा बोलवायचं नाही. विसर्जन होतं. हिशोब चुकता.

दुसऱ्या पुस्तकात मुलगा चौदा वर्षांचा, आणि शब्द मोडून त्यालाच पुन्हा बोलावतो. एवढं एक वाक्य त्या पोराचं काय झालंय हे सांगायला पुरतं.

तिसऱ्यात तो सतरा वर्षांचा मंत्री आहे, घट्ट कपडे घालणारा, प्रचाराची पत्रकं छापून घेणारा. आणि आता तो विसर्जनच करत नाही. दोनेक वर्षं त्याने बार्टिमियसला घरी जाऊ दिलेलं नाही. सोडलं तर दुसरा कुणी बोलावेल, त्याच्याकडून नाव काढून घेईल, ही धास्ती. जिन्न इतका झिजलाय की त्याला धड रूपही धरवत नाही. तुमच्या लक्षात आलं असेल, इथे लेखकाने खलनायकाला हातही लावलेला नाही. पुस्तक सुरू होतानाच सगळ्यात मोठा अन्याय आपल्या नायकाच्या हातून चाललेला आहे, आणि तोही क्रौर्यापोटी नाही, सोयीपोटी. मी संपादक म्हणून सांगते, शेवटच्या खंडाची सुरुवात याहून चांगली करता येत नाही. बहुतेक हस्तलिखितांत तिसऱ्या भागाच्या आरंभी शत्रू आणखी बलाढ्य झालेला असतो. इथे नायक आणखी वाईट झालाय.

या खंडात मध्ये मध्ये दोन हजार वर्षं मागची अलेक्झांड्रिया येते. तिथला राजघराण्यातला एक मुलगा, टॉलेमी. गादीत रस नाही, पुस्तकांत आहे. तो बार्टिमियसला बोलावतो आणि काम सांगायच्या ऐवजी प्रश्न विचारतो. तुम्ही कुठून येता, तिथे कसं असतं, तुम्हाला काय वाटतं. चुलतभावाला त्याची भीती वाटते, मारेकरी येतात. शेवटी कोंडीत सापडल्यावर जिन्न त्याच्यासाठी लढत मरायला तयार असतो, आणि तो मुलगा त्याच्या मनाविरुद्ध त्याचं विसर्जन करून टाकतो. जिन्न वाचतो. मुलगा मरतो.

आता पहिल्या पुस्तकात परत जा. बार्टिमियस कुठलंही रूप घेऊ शकतो, पण हवं तसं रूप निवडायची मुभा असली की पुन्हा पुन्हा एका सावळ्या इजिप्शियन पोराचं घेतो. का, ते तिथे सांगितलेलं नाही. आपण सवय म्हणून सोडून देतो. तिसऱ्या पुस्तकात कळतं की दोन हजार वर्षं तो त्या मुलाचा चेहरा घालून फिरतोय. एवढा बडबड्या प्राणी, ज्याला टिपा टाकल्याशिवाय राहवत नाही, तो या एका गोष्टीवर टीप टाकत नाही.

मग शेवट. काचेच्या आणि लोखंडाच्या अजस्र महालात (आपल्या जगात १९३६ मध्ये जळालेल्या क्रिस्टल पॅलेसची आठवण येतेच) नथॅनियल जखमी, जिन्न त्याच्याच शरीरात, हातात ग्लॅडस्टनचा जादूचा दंड, समोर नौडा नावाचं महाभूत. दंड मोडला तर सगळं कोसळणार, आत असलेले दोघंही जाणार. आणि ऐन वेळी तो जिन्नाचं विसर्जन करतो. न विचारता. टॉलेमीने केलं होतं तसंच.

आमच्या गटातली ती गणपतीवाली मुलगी हे वाचून झाल्यावर काही बोलली नाही. पानं मागे उलटत गेली, अलेक्झांड्रियाच्या प्रकरणावर थांबली, बोट ठेवलं, आणि शेजारच्याला म्हणाली, "अरे, हे तेच आहे." बस. हे तीन शब्द वाचकाकडून काढून घेता आले तर शेवट लागला. 'हे तेच आहे.' कृती तीच, मंत्र तोच, तीन पुस्तकं जो हुकूम म्हणून ऐकला तो. वाचकाला नवं काहीच शिकवावं लागत नाही, म्हणून त्या जागी लेखकाला एकही मोठं वाक्य लिहावं लागत नाही.

थोडं विषयांतर करते, पण तुमच्या उपयोगाचं आहे. 'अंगात येणं' ही गोष्ट तुमच्या दुसऱ्या भागात एकदाच, जत्रेच्या प्रसंगात आहे आणि पुढे तुम्ही ती विसरून गेलात. स्ट्राउडने तिसरा खंड सगळा त्यावरच तोललाय. पहिल्या प्रकारात क्वेंटिन मेकपीस नावाचा नाटककार कट करतो. भुतं माणसांच्या अंगात घालायची म्हणजे ताकद त्यांची आणि लगाम आपला, असा त्याचा हिशोब. तो नौडाला स्वतःच्या अंगात घेतो आणि क्षणात मेकपीस शिल्लकच राहत नाही, नुसतं त्याचं कातडं बोलत राहतं. दुसऱ्या प्रकारात याच्या बरोबर उलट, किटी नावाची मुलगी शरीर इथे ठेवून भुतांच्या जगात जाते, टॉलेमीने लिहून ठेवलेल्या वाटेने. त्या वाटेचं नाव पुस्तकाला आहे. ती जाऊ शकते कारण तिकडच्या एकावर तिने भरवसा टाकलाय. आणि तिसऱ्या प्रकारात नथॅनियल आणि बार्टिमियस एका देहात, दोघंही जागे, दोघंही कुरकुरत. म्हणजे बळकावणं, पाहुणं जाणं आणि बिऱ्हाड वाटून घेणं. एकच कल्पना तीन तऱ्हांनी एकाच पुस्तकात फिरवली की लेखकाला भाषण ठोकायची गरज उरत नाही, फरक वाचकाला दिसतो. तुमच्याकडे घुमणारा भगत आहे, डबीतला केस आहे, आणि गिऱ्ह्याला घाबरणारी पण त्याच्याशी बोलणारी शेजारची आवली आहे. आवलीला तुम्ही फार कमी वापरलंय. मालिकेत पुढचं पाऊल टाकणारी किटी आहे, लक्षात घ्या, नथॅनियल नाही. गुलामी कुणाच्या तरी मनात आधी मोडावी लागते, आणि ज्याला तिचा फायदा होतोय त्याच्या मनात ती सहसा आधी मोडत नाही.

विनोदाचं आता. तुमचा गिऱ्हा गंभीर करू नका. बार्टिमियसचा विनोद हा स्वभाव आहेच, पण मुळात ते ज्याला 'नाही' म्हणायची मुभा नाही त्याचं हत्यार आहे. तमाशातला सोंगाड्या पाटलाला तोंडावर बोलतो आणि पाटील हसतो, कारण ते सोंग आहे. तसंच हे. काम तर करावंच लागणार, मग निदान मालकाची चप्पल कशी फाटकी आहे ते तरी सांगतो. म्हणून शेवटी विनोद थांबवायचा नसतो, फक्त तो कुणावर वळतो ते बदलायचं असतं. पहिल्या पुस्तकात तो नथॅनियलच्या अंगावर चाल करून जातो. शेवटी दोघं एकाच अंगात असताना दोघंही मिळून स्वतःच्या दुर्दशेवर बोलतात. आणि अगदी शेवटच्या ओळींतही बार्टिमियसची तक्रारच आहे: मालक शेवटपर्यंत तसाच, मला बोलायला सवडच दिली नाही, त्याच्याबद्दल काय वाटतं ते सांगायचं राहून गेलं. अर्थात त्या घटकेला आम्ही दोघं एकच होतो, तेव्हा त्याला ते कळलंच असेल, असंही तो म्हणतो. ही तक्रार वाचून आमच्याकडचा एक मुलगा हसला आणि हसता हसता नाक ओढायला लागला. तुम्हाला हवंय ते हेच.

आपल्याकडे याचा जुना नमुना आहे आणि तो तुम्ही लहानपणी वाचलेला असणार. वेतालपंचविशी. राजा प्रेत खांद्यावर टाकून निघतो, वेताळ वाटेत गोष्ट सांगतो, राजा बोलला की तो परत झाडावर. आपण ते कोड्यांचं पुस्तक समजतो. पण शेवट आठवा. शेवटच्या कोड्याला राजाकडे उत्तर नसतं, तो गप्प राहतो, आणि वेताळ त्याला सांगून टाकतो की तुला इथे पाठवणारा जोगी तुझाच बळी देणार आहे. त्याने साष्टांग नमस्कार घालायला सांगितलं की म्हण, आधी तू करून दाखव. इतक्या फेऱ्या एकमेकांच्या खांद्यावर आणि जिभेवर काढल्यावर दोघांत जे तयार झालं, त्याने ती गोष्ट सुटते. कुठेही 'ते मित्र झाले' असं लिहिलेलं नाही.

अजून एक बारीक कारागिरी सांगते, ती तुम्ही उद्या सकाळी वापरू शकता. जादूगार मोठे झाले की जन्मनाव टाकून दुसरं घेतात. नथॅनियल जॉन मँड्रेक होतो. तिसऱ्या खंडात निवेदन त्याला बराच काळ मँड्रेकच म्हणतं. वाचणाऱ्याला ते खुपतं, कारण आपण त्याला लहानपणापासून ओळखतो. मग जसजसा तो सुटत जातो तसं ते जुनं नाव मजकुरात परत येतं. कुणी त्याबद्दल काही बोलत नाही. तुमचा गिऱ्हा नातवाला पहिल्या भागात 'पोरा' म्हणतो, दुसऱ्यात 'मालक' म्हणायला लागतो. हे तुम्ही ठरवून केलंय की ओघात झालं मला माहीत नाही, पण झालंय ते सोन्यासारखं आहे. तिसऱ्यात ते 'मालक' कुठे गळून पडतं ते एकदा नीट ठरवा, आणि पडल्यावर त्याकडे कुणाला वळून बघू देऊ नका.

पुस्तक निर्दोष आहे असं समजू नका. मधली शंभरेक पानं मंत्रिमंडळातल्या कुरघोड्यांत जातात आणि आमच्या गटातली निम्मी मुलं तिथे जांभया देत होती. अमेरिकेतलं युद्ध सतत कानावर येतं पण दिसत नाही. नौडा हा खलनायक म्हणून भुकेचा नुसता गोळा आहे; त्याच्यापेक्षा सूडासाठी पेटलेला फाकार्ल नावाचा दुसरा जिन्न कितीतरी जास्त पटतो, कारण त्याचं म्हणणं खरं आहे. आणि किटी त्या जगातून परत येते तेव्हा तिचं शरीर म्हातारं झालेलं असतं, केस पांढरे, हातपाय गळालेले. ऐन विशीच्या आतबाहेर. केवढी किंमत आहे ही! पण लढाईच्या गडबडीत तिच्याकडे नीट बघायला लेखकाला वेळ होत नाही. मला याचा अजून राग येतो. आवलीला काही सोसायला लावलंत तर तिला त्यासाठी पानं द्या.

प्रकाशकांच्या म्हणण्याबद्दल. माझ्याच हातून झालेली चूक सांगते. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मालिकेच्या शेवटच्या भागात मूळ लेखनात नायकाचा जोडीदार परत येत नव्हता. प्रकाशन संस्थेला ते नको होतं, मीही मान डोलावली, आणि लेखकाला समजावून शेवटच्या तीन पानांत त्याला परत आणलं. पुस्तक छापून आलं. नंतर एका शाळेत गेले होते तेव्हा पाचवीतल्या एका मुलाने उभं राहून विचारलं, "तो परत येणारच होता, तर मग तो गेला कशाला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. लेखक शेजारीच बसले होते, ते पाण्याचा पेला उचलून बराच वेळ पीत राहिले. त्यानंतर मी हे काम कधी केलं नाही. मुलांना मरण सोसतं की नाही हे मी छातीठोकपणे सांगणार नाही, प्रत्येक पोराचं वेगळं. पण हिशोबातली लबाडी त्यांना लगेच कळते, मोठ्यांच्या आधी.

तेव्हा प्रकाशकांशी 'नायक मरतो की नाही' यावर वाद घालत बसू नका. तो वाद तुम्ही हराल, कारण त्यांच्याकडे खपाचे आकडे आहेत आणि तुमच्याकडे हुंदका. त्यांना शेवटचं प्रकरण लिहूनच दाखवा. आणि ते लिहिण्याआधी पहिल्या भागातलं एक पान काढा.

चौथं प्रकरण. आजोबा रात्रीचं जेवण झाल्यावर ओसरीवर येतात, डबीचं झाकण बोटाने दाबून बघतात, आणि अंगणाच्या कडेला उभ्या असलेल्या गिऱ्ह्याला म्हणतात, "जा आता." तो विहिरीकडे जातो. तुम्ही हे एका ओळीत लिहून पुढे गेलात. माझ्या मते तुमची अख्खी कादंबरी त्या दोन शब्दांत आहे. आपल्याकडे घरच्या माणसाला, पाहुण्याला, अगदी दारावरच्या भाजीवालीलाही कुणी 'जा' म्हणत नाही. निघणारा 'येतो' म्हणतो आणि घरातला 'ये हं' म्हणतो. 'जा' म्हणतात ते कुत्र्याला, किंवा राबत्या गड्याला. आजोबा दोन भाग 'जा' म्हणतात. नातूही दुसऱ्या भागात तेच म्हणायला लागतो, दोनदा, मी मोजलंय.

शेवटच्या प्रकरणात नातवाला ओसरीवर उभा करा. डबी उघडी, केस गिऱ्ह्याच्या हातात. त्याचं पुढे काय व्हायचं ते होऊ दे, वाड्याला आग लागू दे, नदी चढू दे, तो वाचू दे नाहीतर न वाचू दे. फक्त निरोपाच्या वेळी त्याच्या तोंडून "ये हं" एवढंच निघू द्या. मग गिऱ्हा काय बोलतो ते ऐका. तो काहीतरी खवचटच बोलेल, मला खात्री आहे. ते पान झालं की पाठवा, बाकीचं आपण नंतर बघू.